एका उपग्रहाचे अनेक धनी

2019ची दिवाळी कोकणच्या किनाऱ्याने क्यार वादळाच्या धास्तीत काढली. फराळाच्या दिवसांतही मासेमारी बोटी समुद्रात असतात आणि मोबाइलची रेंज संपली की तांडेलाचा किनाऱ्याशी संबंध तुटतो. म्हणूनच 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात, सुरू झालेली एक योजना आम्हाला मोलाची वाटते. देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. त्यावर वादळाची सूचना येते, संकटाचा निरोप धाडता येतो, सागरी हद्द जवळ आली की इशारा मिळतो. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेली माणसे ज्यांनी पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेली पाहिली, त्या डहाणू-पालघरच्या घरांना या इशाऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे निरोप जातात जीसॅट-6 या उपग्रहामार्फत. त्याची कुंडली मोठी गुंतागुंतीची आहे. 2005मध्ये इस्रोच्या अँट्रिक्स कंपनीने त्याची बहुतांश क्षमता देवास या खासगी कंपनीला देण्याचा करार केला. 2011मध्ये सरकारने तो मोडला. हा उपग्रह वापरतो त्या एस-बँडच्या लहरी संरक्षणासाठी हव्यात, असे कारण दिले. 2015मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने 56 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवासचा सारा व्यवहारच फसवणुकीचा ठरवला. बाजारासाठी योजलेला, मग सुरक्षेच्या नावाने राखलेला हा उपग्रह आज कोळ्यांच्या कामी येतो आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र या प्रवासात लहरींवर पहिला हक्क कोणाचा, हे सांगणारा अवकाश कायदा देशात नव्हता. आजही नाही. विधेयकाचा मसुदा 2017मध्ये लोकांपुढे आला. 2023मध्ये आले ते धोरण, आणि धोरण घेऊन कोणाला न्यायालयात दाद मागता येत नाही.

उद्या युद्ध पेटले तर त्याच लहरींवर बुडत्या बोटीचा निरोप आधी जाईल की नाही? शिवाय ट्रान्सपॉन्डर बोटीचा ठावठिकाणाही सांगतो. कुबेर या मासेमारी बोटीतून 26/11चे हल्लेखोर आले, तेव्हा किनाऱ्यावर पहारा हवाच. पण ठावठिकाण्याची ही नोंद कोण पाहणार, किती काळ ठेवणार? 2023च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सुरक्षेच्या कारणासाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे, त्यामुळे तिथे उत्तर मिळत नाही.

गुप्ततेच्या आड अपयशही झाकले जाते; दिशादर्शनाचेच पाहा. अमेरिका मे 2000पर्यंत जीपीएसचा नागरी संकेत मुद्दाम ढोबळ ठेवत असे. परक्याच्या मर्जीवर विसंबू नये म्हणून आपण ‘नाविक’ ही उपग्रह दिशादर्शन यंत्रणा उभारली, तीही सैन्य आणि नागरिक दोघांसाठी. त्यासाठी 11 उपग्रह सोडले. काहींची अणुघड्याळे बंद पडली, दोन नियोजित कक्षेत पोहोचलेच नाहीत. 2025मध्ये सरकारने संसदेत सांगितले की दिशादर्शनासाठी चारच पूर्ण कार्यरत आहेत, आणि स्थान नेमके सांगायला किमान चार तरी लागतातच. ही माहिती प्रश्न विचारल्यावर मिळाली. ती दरवर्षी आपणहून संसदेपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक हवे.

यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग याच विषयाला दिला आहे. अवकाश विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे आणि त्यावर मत देण्याआधी किनारपट्टीच्या खासदारांनी सातपाटी, हर्णै, मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांशी बोलावे, अशी आमची मागणी आहे.