गुलाबी थंडी कोणाची?

डिसेंबर लागला की आमच्या घरी एक फोन ठरलेला असतो. निफाडहून, मोठ्या वहिनींचा. "ताई, आज पेपरात आमचं काय आलंय?" आमचं म्हणजे निफाडचं तापमान. मी आकडा वाचून दाखवते. राज्यात सगळ्यात कमी असेल तर वहिनी हसतात, "म्हणजे याही वर्षी पहिला नंबर आमचाच!" २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवशी मात्र फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला, तर म्हणाल्या, "बोटं वळत नव्हती हो, फोन कसला करते!"

आपल्याकडे थंडीच्या बातमीची एक ठरीव तऱ्हा आहे. वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवबिंदूंचा फोटो, शेकोटीभोवती बसलेले गावकरी, स्वेटरच्या बाजारातली गर्दी आणि मथळ्यात 'गुलाबी थंडी' किंवा 'राज्य गारठले'. शेकोटीच्या त्या फोटोत बाई क्वचितच दिसते, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? ती त्या वेळी कुठे असते? बहुतेक नळावर नाहीतर चुलीपाशी असते, किंवा पुरुषमंडळी शेकत बसलीत त्यांचा चहा टाकत असते. थंडी सगळ्यांना सारखी असते असं म्हणायची पद्धत आहे. ती सारखी नसते. किती अंश, यापेक्षा किती वाजता, कोणत्या छपराखाली आणि ओल्या हातांनी की कोरड्या, यावर ती ठरते.

हवामान खात्याची व्याख्या सरळ आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त खाली असलं, की थंडीची लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर आला तरी लाटच, आणि २ अंशांवर तीव्र लाट. किनाऱ्यासाठी हिशेब वेगळा, तिथे १५ अंशांपासूनच विचार होतो. मुंबईकर १५ अंशांना कानटोपी काढतात म्हणून आपण त्यांची थट्टा करतो, पण ज्या घरांच्या भिंती आणि ज्या लोकांची कपाटं थंडीसाठी बनलेलीच नाहीत त्यांना १५ अंशही बाधतात, हे खात्यालाही मान्य आहे. (मुंबईचा नीचांक मात्र खरोखर हुडहुडी भरवणारा आहे. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश!)

लाट जाहीर होते तेव्हा सगळे सावध होतात. गोम अशी, की माणसं जास्त दगावतात ती त्या दोन-चार दिवसांत नव्हे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १३ देशांतल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थंडीशी जोडता येणारे मृत्यू ७ टक्क्यांहून जास्त निघाले, उष्णतेशी जोडता येणारे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शिवाय त्यातले बहुतेक कडाक्याच्या थंडीत झालेले नव्हते. ते साध्या, बेताच्या, 'चालतंय की' म्हणून सोडून दिलेल्या थंडीतले होते. त्या १३ देशांत भारत नव्हता. पण २०१८ मध्ये भारतातल्या मृत्यूनोंदींवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, छाती भरते. महिनाभर असं चालतं आणि एक दिवस झोपलेल्या आजी उठत नाहीत. 'वय झालं होतं' असं आपण म्हणतो. थंडीचं नाव कुठेच लागत नाही.

आता निफाडकडे परत येते. गोदावरी-कादवेचं हे खोरं सखल, पाण्याचं आणि हिरवं. उत्तरेकडून कोरडे गार वारे सुरू झाले, रात्री आभाळ निरभ्र राहिलं, की जमीन झपाट्याने निवते आणि जड गार हवा सखल भागात साचून राहते. याच भागात द्राक्षबागा आहेत. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात, दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा फरक वाढला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि माल निर्यातीतून बाद होतो. बागायतदार त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. थंडी खरोखर गुलाबी असते ती अशी! मग बागेत जागोजागी धूर करतात, पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. वर्षभराचं कर्ज त्या घडांवर टांगलेलं असतं, तेव्हा ही धडपड मी हसण्यावारी नेत नाही. पण द्राक्षाला थंडी वाजू नये म्हणून घडाघडाला कागद गुंडाळतो कोण? पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांमधल्या बाया. घड जीएच्या द्रावणात बुडवण्याचं डिपिंग कोण करतं? त्याच. सकाळच्या गारठ्यात मनगटापर्यंत ओले हात, आणि रात्री मुक्काम बांधावरच्या प्लास्टिकच्या पालात. घडाला कागद मिळतो, बाईला मोजे मिळत नाहीत, असं मी वहिनींना बोलून गेले. त्या जरा दुखावल्या. "आमच्या बायांना आम्ही गोधड्या देतो हो," म्हणाल्या. देतातही. पण डिपिंगला रबरी हातमोजे द्यायचं त्यांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. हातमोज्याने घड नीट धरता येत नाही, ही अडचणही खरी आहे.

ऊसतोडीच्या फडावर तर याहून वाईट. पाचटाची खोपी, उघड्यावरची आंघोळ, आणि ट्रक भरायला येणार रात्री दोनला की चारला, ते ट्रकवाल्यालाच माहीत. मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईला स्वेटर घालता येत नाही. पहिल्या चार खेपांत घाम येतो, मग थांबलं की तोच घाम अंगावर गार होतो. ओल्या कपड्यांतून शरीराची ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने जाते.

आणि रात्रीची लाईट. शेतीपंपाला वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गहू-कांद्याला पाणी नेमकं याच दिवसांत लागतं. मग दारं धरायला नवरा आणि बॅटरी धरायला बायको, दोघंही चिखलात अनवाणी. शिवाय बिबट्याची भीती. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. जिथे ती पोचली तिथल्या बायकांना विचारा, पहिली गोष्ट काय सांगतात. बिलाचं नाही सांगत. "रात्रीचं शेतात जाणं सुटलं," हे सांगतात.

घरातल्या बाईचीही एक गोष्ट कोणी मोजत नाही. "हिला फार थंडी वाजते बाई!" ही चेष्टा घरोघरी चालते. पंखा बंद करा म्हटलं की आधी नवरा, मग मुलगा हसतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. लोह कमी असलं की शरीराला पुरेशी ऊब तयार करता येत नाही. थायरॉइड मंदावलेला असला तरी तसंच होतं. म्हणजे सगळ्यांना पुरेसं वाटतंय आणि आपल्यालाच दोन शाली लागताहेत, तर हा नाजूकपणा नव्हे. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, अळीव हे सगळं खाच, पण तपासणी त्याने टळत नाही.

आता जे सांगायला खरं तर मी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. माझी धाकटी मुलगी जानेवारीत झाली. माहेरी बाळंतपण, बाळंतिणीची खोली, दारं-खिडक्या बंद, फटीत फडकी कोंबलेली आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. त्यावर ओवा, बाळंतशोपा. आईने मायेने केलेलं सगळं. तिसऱ्या रात्री माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, अंगात उठायचीही ताकद उरली नाही. मला वाटलं, बाळंतपणाचा थकवा. बाळ दूध प्यायला उठेना. मला वाटलं, ऊब मिळाली म्हणून गाढ झोपलंय. तेवढ्यात आत्या पहाटे डोकावल्या, काय वाटलं कोण जाणे, त्यांनी धाडकन खिडकी उघडली आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. आई रागावली, "पोरीला वारं लागेल!" तासाभराने मला बरं वाटलं. बाळ रडलं. त्या रडण्याची किंमत मला पुढे पंधरा वर्षांनी कळली, जेव्हा एका डॉक्टर मैत्रिणीने हे ऐकून कपाळाला हात लावला.

कोळसा किंवा लाकूड बंद खोलीत धुमसलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्यालाच दोनशेपटींहून अधिक ओढीने धरतं. निखारा विझल्यासारखा दिसला, धूर थांबला, म्हणजे धोका गेला असं आपण मानतो. पण बिनधुराच्या निखाऱ्यातूनही तो निघतच असतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडून 'शेगडी लावून झोपलेलं कुटुंब दगावलं' अशा बातम्या येतात, आणि आपण 'तिकडची थंडीच तशी' म्हणून पान उलटतो. आपल्याकडे तोच वायू न्हाणीघरात येतो, गॅस गिझरमधून. छोटी बाथरूम, बंद खिडकी, एकामागून एक तिघांच्या आंघोळी, आणि शेवटी आत गेलेली सून बाहेर येत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा. ते जमत नसेल तर पाणी बादलीत भरून गिझर बंद करा आणि मगच कडी लावा. शेक घ्यायचाच तर खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं असताना घ्या, आणि निजायच्या आधी शेगडी घराबाहेर काढा. चक्कर, डोकेदुखी, मळमळ घरातल्या दोघा-तिघांना एकदम व्हायला लागली, तर अपचन समजू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

मग बाळाला ऊब द्यायची कशी? आईच्या आज्या कदाचित हसतील, पण त्याचं उत्तर आईच्या अंगातच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून, डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, वरून आईचं पातळ, शाल. आईला विसावा हवा असेल तर बाबांनी, आजीनेही असं घ्यायला हरकत नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि नवजात बाळांची काळजी घरीच घ्यायला शिकवली. बाळ गार पडू न देणं हा त्यातला मोठा धडा होता. तिथले बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि आज आशाताई घरी येतात त्यामागे तेच काम आहे. जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला न्हाऊ घालू नका, हे त्या सांगतात तेव्हा ऐका. तेल लावून, चोळून, पहाटेच्या गारठ्यात आंघोळ ही अडीच किलोच्या आतल्या बाळाला परवडत नाही.

म्हाताऱ्या माणसांचंही जवळपास तसंच. वय झालं की थंडी वाजल्याची जाणीवच बोथट होते. आजोबा "मला नाही वाजत" म्हणतात ते खरंच बोलत असतात, पण पोट-पाठीला हात लावून पाहिलं तर गार लागतात. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, विचारलेलं कळेना, तर ऊब आली असं समजू नका. ही धोक्याची खूण आहे. ओले कपडे बदला, आधी छाती-पोट गुंडाळा, शुद्धीत असतील तर गरम गोड चहा द्या, आणि गाडी बोलवा. हातपाय चोळत बसू नका. 'ऊब येते' म्हणून घोटभर दारू तर मुळीच नको, तिने वरवर उष्ण वाटतं आणि आतली ऊब निघून जाते.

सरकारदरबारी थंडीची लाट ही रीतसर आपत्तींच्या यादीत आहे, पूर-दुष्काळाच्या बरोबरीने. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि मग बऱ्याच शहरांनी केला. दुपारच्या कामाच्या वेळा बदलणं हा त्यातला एक भाग. थंडीसाठी पहाटेच्या वेळा बदलाव्यात हे कोणाला का सुचत नाही? लहान मुलांच्या बाबतीत सुचलं. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नयेत असं २०२४ मध्ये राज्य सरकारने सांगितलं, मुलांची झोप होत नाही म्हणून. बायकांच्या झोपेबद्दल परिपत्रक निघत नाही.

वहिनींच्या गावात नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं. का, तर पूर्वीपासून येतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी महिला ग्रामसभेत वहिनींनी विषय काढला. सरपंचांनी नाही-होय केलं, मग कळलं की पाणी सोडणाऱ्या माणसालाही पहाटे उठायचं जिवावरच येत होतं. थंडीचे तीन महिने नळ साडेसातला सोडायचं ठरलं. वहिनी खूश. पण परवाच्या फोनवर म्हणाल्या, "ताई, घोटाळाच झाला बघा. बागेत जाणाऱ्या बाया सातलाच घर सोडतात. त्यांच्या हंड्यांसाठी आता आम्ही दोघी-तिघी आळीपाळीने थांबतोय. पुढच्या सभेत साडेसहाचं बोलून बघते."