टॅब नको, ताई द्या!

जून उजाडला, की आपल्या सगळ्या ऑफिसांना एकदम गावाकडच्या शाळा आठवतात. छत्र्यांचे सेल लागतात, ट्रेकचे मेसेज फिरायला लागतात आणि त्याच सुमारास एचआरचा मेल येऊन धडकतो, 'लेट्स गिव्ह बॅक!' मग वर्गणी, मग एका शनिवारी बस, मग वह्यावाटप, केक, ग्रुप फोटो, आणि येताना धबधबा. मला यात काही वाईट वाटत नाही हं. वह्या लागतातच. धबधबाही लागतो. पण त्या वहीत लिहिणाऱ्या मुलाला वाचता येतंय का, हे त्या बसमधलं कुणी विचारत नाही.

यंदा आमच्या टीमनं साठ हजार जमवले आणि शाळा ठरली तळ्याची. म्हणजे रायगडातल्या तळा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. मुंबई-गोवा हायवेवर इंदापूरला आत वळायचं (पुण्याकडचं इंदापूर नव्हे, प्लीज!). तळगड चढलेल्यांना किंवा कुड्याची लेणी बघून आलेल्यांना रस्ता पाठ असेल.

मीटिंगमध्ये अपेक्षेप्रमाणे आयडियांचा पाऊस पडला. चार टॅब घेऊ. स्मार्ट टीव्ही लावू. भिंतींवर कार्टून रंगवू, म्हणजे आपल्यालाही काहीतरी 'करायला' मिळेल. शेवटी मी म्हटलं, शाळेलाच विचारून बघते, आणि तिथल्या बाईंना फोन लावला. त्या एका दमात म्हणाल्या, "टीव्ही आहे मॅडम आमच्याकडे. मुलांचं वाचून घ्यायला माणूस नाही."

दोन शिक्षक आणि पहिली ते पाचवी, असा तिथला मामला. बरीच मुलं कातकरीवाडीतली. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. चौथीत गेलेली काही मुलं अजून जोडाक्षराशी अडखळतात. आणि दिवाळी झाली, की आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात. लहान मुलांना ठेवायचं कुणाकडे? तीही सोबत जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेचं वर्ष दहा महिन्यांचं असलं, तरी या मुलांचं ते जून ते दिवाळी एवढंच.

तुम्ही म्हणाल, हा तर सरकारचा प्रश्न. आहेच! पण साठ हजार हातात असताना हे म्हणून सुटका होत नाही. कशावर खर्च केला तर मूल वाचायला लागतं, हे कुणी मोजलंय का?

मोजलंय. आणि तेही आपल्या मुंबईत. प्रथम या संस्थेनं महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी घ्यायची, तिला दोन आठवडे ट्रेनिंग द्यायचं आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे सोपवायची. पोर्शन पुढे रेटायचा नाही, मूल जिथे अडकलंय तिथून सुरुवात करायची. मानधन होतं महिना ५०० ते ७५० रुपये. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात याची रीतसर चाचणी घेतली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला ताई मिळणार, हे चक्क चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे 'ती शाळा मुळातच चांगली होती' म्हणायला जागा नको. (हेच ते २०१९ चे नोबेलवाले. बॅनर्जींच्या आई निर्मलाताई मूळच्या पाटणकर. आपल्याला अभिमानाला तेवढंच निमित्त पुरतं.)

निकाल? ताई मिळालेल्या इयत्तांचे मार्क वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा अगदी मागच्या मुलांना झाला. गंमत म्हणजे ताईकडे न गेलेल्या मुलांचाही वर्ग रोज दोन तास छोटा होत होता, पण त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागलं नाही, पातळी बघून शिकवणं कामाला आलं.

आता टॅबवाल्यांसाठी. बडोद्यात त्याच अभ्यासात कॉम्प्युटरही तपासला होता. आठवड्याला दोन तास गणिताचे गेम. गणित सुधारलं, आणि चांगलं सुधारलं, ते नाकारू नये. पण भाषेत काही फरक नाही. आणि खर्च मुलामागे वर्षाला साधारण १५ डॉलर, तर ताईचा साधारण २.२५ डॉलर. आमच्या अकाउंट्सवाल्या मित्रानं हे ऐकल्यावर टॅबची बाजू सोडली. त्याला मुलांपेक्षा ते दोन आकडे जास्त भिडले असावेत, असो.

पण इथेच टाळ्या वाजवून थांबणारे लोक मला आवडत नाहीत. त्याच अभ्यासाचा दुसरा भागही वाचायला हवा. ताई बंद झाल्यावर वर्षभरानं ती आघाडी निम्म्याहून अधिक ओसरली होती. शिवाय पुढे इतर राज्यांत दिसलं, की नुसतं साहित्य वाटून आणि शिक्षकांना ट्रेनिंग देऊन फारसं काही हलत नाही. रोजच्या वेळापत्रकात या कामासाठी वेगळा तास काढावाच लागतो. एका वर्षाचा चेक आणि बाय-बाय, हे चालणार नाही.

आमच्यात खरा वाद झाला तो इथे. ठरत होतं असं, की एक ताई, महिना पाच हजार, दहा महिने. उरलेल्या दहा हजारांत गोष्टीची पुस्तकं, अक्षरकार्डं वगैरे. ऐकायला फर्स्ट क्लास! पण नोव्हेंबरनंतर ती ताई शिकवणार कुणाला? जी मुलं राहतात, त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येतं. ज्यांच्यासाठी पैसे जमवले ती तर भट्टीवर.

मग मी प्रथमचाच उत्तर प्रदेशातला प्रयोग टेबलावर ठेवला. २०१३-१४ मध्ये तिथे वर्षभर रोज थोडं-थोडं शिकवण्याऐवजी दहा-दहा दिवसांची शिबिरं घेतली, एकूण साधारण पन्नास दिवस. शेवटी दहा दिवसांच्या शिबिरांच्या शाळांत परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणारी मुलं ४९ टक्के निघाली. जिथे काहीच केलं नव्हतं, तिथे २४ टक्के. अर्थात उत्तर प्रदेश म्हणजे तळा नव्हे, तिथे प्रथमचे मुरलेले कार्यकर्ते होते. पण काम घट्ट करून थोड्या दिवसांत बसवता येतं, एवढं नक्की कळतं. म्हणून माझं म्हणणं, एक ताई दहा महिने नको, दोन ताया पाच महिने घ्या. बजेट तेवढंच, आणि मुलं समोर असतानाचं.

बाईंना हे पटलं. त्यांनी भर घातली, की दोघींतली एक वाडीतलीच हवी, कातकरी बोली येणारी. वाडीतली बारावी झालेली एक मुलगी त्यांच्या डोळ्यासमोर आहेही. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं, पावतीसह जातील. ही समिती शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत असते आणि तिच्यात बहुतेक पालकच असतात. तुमच्याकडेही असं काही ठरत असेल, तर तिला बायपास करू नका.

आणि मोजणार कसं? त्यासाठी कन्सल्टंट लागत नाही. 'असर'वाले २००५ पासून गावोगाव वापरतात तसा एक कागद पुरतो. अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. मुलाला समोर बसवायचं, वाच म्हणायचं, मिनिटांत कळतं. याच कागदावर २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्क्यांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. आम्ही आत्ता एकदा, गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा तपासणार आहोत. मधल्या तपासणीत काहीच हललेलं नसेल, तर पद्धत बदलायची.

बॉसनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो कशाचा काढायचा मग?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. पुढच्या वर्षी कंपनीच्या सीएसआरमधून पैसे मागायचे, तर वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के असे खर्च करणं बंधनकारक आहे, पण प्रेझेंटेशनमध्ये टॅब जितका दिसतो तितकी ताई दिसत नाही. मी सुचवलं, तोच कागद दाखवा, जूनचा आणि ऑक्टोबरचा, मुलांची नावं झाकून.

भट्टीवरच्या सहा महिन्यांचं उत्तर मात्र अजून कुणाकडेच नाही. गावोगाव फिरणाऱ्या मुलांसाठी सरकारचं शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण भट्टीपासून शाळा किती लांब, आणि तिथे त्यांना कोण नेऊन सोडणार? बाई म्हणाल्या, भट्ट्या कुठे-कुठे आहेत त्याची यादी त्या पालकांकडून ऑक्टोबरमध्येच काढून ठेवतील. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. या शनिवारी दोघी तायांना भेटायला जातोय. वह्याही नेतोय, रेषांच्या.