‘लेखणी सोडून झेंडा’ हे अर्धसत्य

‘पक्ष काढणारा पत्रकार लेखणी सोडतो आणि त्याचा पक्ष औटघटकेचा ठरतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान पटले नाही. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रे काढणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचेच उदाहरण घ्या. १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांचे ‘मार्मिक’ साप्ताहिक निघाले, १९ जून १९६६ रोजी शिवसेना. मधल्या काळात ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कचेऱ्यांमधल्या बिगरमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून येत. कोरडी नावे नुसती, एकाखाली एक. पण शिवसेनेच्या शाखा निघण्याआधीच वाचक जमला तो त्यांवर. शिवसेनेचे पहिले आमदार, परळचे वामनराव महाडिक, १९७० मध्ये. तोवर पक्ष छोटाच होता की! शिवाय लेखणी सुटली कुठे? १९८८ मध्ये ‘सामना’ हे दैनिक काढलेच.

खरी तक्रार वेगळी हवी. वृत्तपत्र पक्षाचे झाले की स्वतःच्या नेत्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? याद्यांत नाव आलेल्यांची बाजू तरी कुठे छापली गेली? आमच्याच नेवासा तालुक्यात मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशके चालवले. मते सत्यशोधकी, रोखठोक. लेखणीच त्यांचे हत्यार.

राहता राहिला छोट्या पक्षांचा मुद्दा. त्यांच्या आयुष्याबद्दल सोनईकरांना कुणी शिकवू नये. २०१९ मध्ये आम्ही क्रांतिकारी शेतकरी पक्षाचे शंकरराव गडाख निवडून दिले. पुढच्याच वर्षी ते शिवसेनेत गेले. त्यात पत्रकार कुणीही नव्हता.

— एक वाचक, सोनई (ता. नेवासा)