तोंडीं गहाण, कागदीं खरेदी

मालवणच्या किनाऱ्यावरील कुणब्याला, भंडाऱ्याला, गाबिताला पैसा लागतो तो अडीनडीलाच. मुलीचें लग्न, घरांत दुखणें, नाहीं तर होडीचें इंजिन मोडलेलें. अशा वेळीं सावकार मोठा गोड बोलतो : “अहो, वाडी तुमचीच! तीन वर्षांनीं पैसे द्या, परत घ्या. कागद आपला नांवापुरता.” आमचा भाऊ निबंधकाच्या कचेरींत जाऊन सही ठोकतो. कागदावर गहाण हा शब्द औषधालाही नसतो; मथळ्यालाच ‘कायम खुष खरेदीखत’ असतें.

बंधूंनो, गहाण पडलेली जमीन सोडवून घेण्याचा दावा लावण्यास कायदा ३० वर्षें देतो. खरेदी दिली कीं माड त्याच दिवशीं परके! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यास १९२९ सालीं दुरुस्ती झाली, तींत स्पष्ट म्हटलें आहे कीं, जमीन परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार शर्तीचें गहाण मानावयाचा नाहीं. सावकाराला हें पाठ असतें. म्हणूनच परतीचा करार तो निराळ्या चिठोऱ्यावर लिहून देतो, किंवा द्यायचा ‘विसरतो’.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तेव्हां कुणब्याला अक्षर येत नव्हतें. आज घरोघरीं शिकलेलीं मुलें आहेत, तरी दस्त न वाचतां सही होते ती भिडेपायीं. वाचून दाखवा म्हटलें तर सावकाराला राग येईल ना! येऊं द्या कीं.

त्याच कायद्याचें ५५ वें कलम घेणारावरही एक ओझें घालतें. विकणाराच्या हक्काची किंमत वाढविणारी जी गोष्ट त्या हक्काविषयीं घेणाराला ठाऊक आहे आणि विकणाराला नाहीं, ती त्यानें सांगितली पाहिजे. पण शेजारून रस्ता जाणार, विमानतळ होणार, असली बातमी त्यांत बसत नाहीं. ती दलालाच्या पोटांतच राहते.

फसलेल्यांना एक वाट आहे. बेकायदा सावकारीच्या कर्जापोटीं जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. चौकशींत तें खरें ठरलें, तर जमीन परत देण्याचा हुकूम तो काढूं शकतो. मात्र तेथें रडून भागत नाहीं. व्याज दिल्याच्या पावत्या, बँकेची नोंद, तें चिठोरें, व्यवहाराला बसलेले साक्षीदार, हें सारें लागतें. पेटी आजच उघडून पाहा.