इशारा : हायड्रो टेस्ट नाही, तर स्टँडवर नंबर नाही

सर्व सीएनजी रिक्षा-टॅक्सी मालक, चालक आणि बदली चालक यांस,

विनंत्या करून झाल्या, फलक लावून झाले. आता हा शेवटचा इशारा. येत्या महिन्याच्या 1 तारखेपासून ज्या गाडीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट मुदतीत नाही, ती या स्टँडच्या रांगेत लागणार नाही. ओळखपाळख, वशिला, जुनं सभासदत्व, काही चालणार नाही.

पंपावर गॅस 200 बार दाबाने भरतात. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बारची. टायर फुटला तर स्टेपनी लावून धंदा चालू होतो. सिलिंडर फुटला तर गाडीच्या आणि आत बसलेल्यांच्या चिंधड्या होतात.

म्हणूनच दर तीन वर्षांनी टेस्ट सक्तीची आहे. सिलिंडर उतरवून, रिकामा करून, आतून-बाहेरून तपासतात. मग पाणी भरून नेहमीच्या दीडपटीहून जास्त दाब देतात आणि ताणलेलं पोलाद दाब काढल्यावर किती मागे आलं ते मोजतात. मर्यादेपलीकडे ताणलेलं राहिलं तर सिलिंडर बाद. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ‘वरून तर चकाचक आहे’ ही सबब आमच्यापुढे आणू नये.

याच स्टँडवरच्या एका रिक्षाचा सिलिंडर उतरवला, तेव्हा पट्ट्याखालचं रबर कधीच झडून गेलं होतं. लोखंडी पट्ट्याने घासून सिलिंडरभोवती गंजाचा चर पडला होता, नख फिरवलं तर अडकत होतं. वरून ताजा रंग. आणि प्लेटवर तारीख मात्र मुदतीतली! ती प्लेट कुठून आणली, हे कुणी सांगायला तयार नाही. यापुढे नुसती प्लेट दाखवून भागणार नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ने, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेने, मान्यता दिलेल्या केंद्राचा दाखला लागेल आणि त्यावरचा नंबर सिलिंडरवर कोरलेल्या नंबराशी जुळला पाहिजे.

1 तारखेच्या आत पुढील गोष्टी झाल्या पाहिजेत :

1. भंगारातून किंवा दुसऱ्या गाडीतून काढून बसवलेला, कागद नसलेला सिलिंडर उतरवावा. घरगुती एलपीजीचा सिलिंडर 200 बारसाठी बनलेलाच नसतो. त्यात सीएनजी भरणारा गाडी चालवत नाही, बॉम्ब फिरवतो.

2. सिलिंडरवर वेल्डिंग केलेलं आढळलं तर गाडी त्याच दिवशी बंद. उष्णतेने पोलादाची ताकद जाते.

3. गळक्या जोडाला एम-सील किंवा टेप लावून वेळ मारून नेऊ नये. दाब असताना नट आवळू नये. वास आला की प्रवासी उतरवा, इंजिन बंद करा, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत फिटरला बोलवा. काडी ओढून गळती शोधणाऱ्याची गय होणार नाही.

4. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली असेल तर काढावी. गॅसला पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

‘टेस्टला गाडी दिली की दिवसाचा धंदा बुडतो’ ही चालकांची तक्रार खरी आहे. गाडी भाड्याची, सिलिंडर मालकाचा आणि उपाशी राहायचं चालकाने, हे आता बंद. टेस्टसाठी गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं मालकाने घ्यायचं नाही आणि टेस्टचा खर्चही मालकानेच करायचा. हे मान्य नसलेल्या मालकाची एकही गाडी या स्टँडवर लागणार नाही.

खोट्या प्लेटा ठोकून देणाऱ्या फिटरांनीही ऐकून ठेवावं. यापुढे अशी प्लेट सापडली की ती गाडीच्या नंबरासह आरटीओकडे आणि पोलिसांकडे जाईल. पंपचालकांनाही बजावतो : मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये गॅस भरायला कायद्याने मनाई आहे. तारीख न बघता नोझल लावलं, तर तक्रार तुमच्याही नावाने होईल.

1 तारखेला सकाळी पहिल्या गाडीपासून तपासणी सुरू होईल. समितीच्या सभासदांच्या गाड्या आधी तपासल्या जातील. ज्याची तयारी नसेल त्याने त्या दिवशी रांगेत येऊच नये.

— स्टँड समिती