हात कापला म्हणजेच कंपवात का?



डाळिंबाचे झाड वाळायला लागले की आपण म्हणतो, 'मर आली.' पण संगमनेर-राहात्याच्या बागाईतदारांना विचारा, ही मर एकाच कारणाने येत नाही. कुठे जमिनीतली बुरशी असते, कुठे मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी, तर कुठे खोडाला टाचणीएवढी भोके पाडणारा भुंगेरा. कारण न पाहता सगळीकडे एकच औषध ओतले तर पैसाही जातो आणि झाडही. आज मात्र पिकाबद्दल लिहायचे नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल लिहायचे आहे.

जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली ज्या दुखण्याचे वर्णन केले, त्याला आपण कंपवात म्हणतो. यात मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात, डोपामिन नावाचे रसायन कमी पडते आणि हालचाल मंदावते. नावातच कंप आहे, म्हणून हात कापला तर कंपवात आणि नाही कापला तर 'वय झालं', असा हिशेब घरोघरी होतो. तो चुकीचा आहे.

काहींचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतानाच कापतो, बोटांत गोळी वळल्यासारखा. त्यांचे चालणे बरेच दिवस ठीक राहते आणि रोगही सहसा हळू वाढतो. दुसऱ्या काहींचा हात कापतच नाही. अंग ताठते, पाऊल घासत पडते, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो, वळताना तोल जातो. हा प्रकार अधिक अवघड. इथे गोळीइतकेच महत्त्व व्यायामाला आणि माणसाला पडू न देण्याला आहे. नेमके अशाच माणसाला 'आळशी झालाय' म्हणून बोल लावले जातात, याचे वाईट वाटते.

रोग सुरू कुठून होतो यावरूनही प्रकार पडतात, असे अलीकडे काही संशोधक मानतात. काहींना हालचाल बिघडण्याच्या कित्येक वर्षे आधी बद्धकोष्ठ होते, वास येईनासा होतो, झोपेत स्वप्न पडले की ते हातपाय झाडतात, ओरडतात. आजची औषधे त्रास कमी करतात, रोग थांबवत नाहीत. थांबवणारे औषध शोधायचे तर कोणत्या प्रकारावर ते चालते हे पाहावे लागेल. सगळे रुग्ण एकत्र मोजले तर गुण झाकला जाण्याची भीती असते. आपल्या देशातही संशोधकांनी २०२० साली सुमारे १०,००० रुग्णांच्या आनुवंशिक तपासणीची योजना मांडली.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वेळा हा कंपवात नसतोच. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरची सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या पुष्कळ दिवस घेतल्या तर हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. डॉक्टरांनी ती गोळी बदलली की बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. तसेच चहाचा कप उचलताना हात कापत असेल, पण स्वस्थ बसल्यावर नाही, तर बहुधा तो वेगळा आजार असतो आणि त्याचे औषधही वेगळे.

लेव्होडोपाची गोळी सुरू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका, त्यातून जिवावर बेतू शकते. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी, कारण डाळ-दुधातली प्रथिने तिला अडवतात. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारा. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे, पण कोणत्या बीत किती, हे घरी कळत नाही. गोळीच्या जोडीला ती पूड परस्पर देऊ नये.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या. त्रास कोणत्या बाजूने सुरू झाला, झोप कशी आहे, किती वेळा पडले, हे वहीत लिहून न्या. पॅराक्वाटसारखे तणनाशक वर्षानुवर्षे फवारले असेल तर तेही सांगा. त्याचा या रोगाशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. सोबत रात्री त्यांच्याजवळ झोपणारे माणूस न्यावे. झोपेतले हातपाय झाडणे रुग्णाला स्वतःला बहुधा ठाऊकच नसते.