काचेवर ठिपके काढा!

आमच्या उपनगरांत इमारत उभारावयाची म्हणजे किती जणांची मर्जी सांभाळावी लागते, हे ज्याने सोसायटीच्या पुनर्विकासाची एक तरी सभा पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको. मोकळी जागा किती सोडली, जिना किती रुंद, मोटारी कोठे उभ्या राहणार, आगीचा बंब कोठून वळणार, साऱ्याचा हिशेब महानगरपालिकेला द्यावा लागतो. इतकेच काय, अंधेरी-घाटकोपरकडे विमानतळ जवळ, म्हणून इमारतीने किती उंच व्हावे हेही विमानाच्या सोयीने ठरते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आभाळातून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट मोकळी असावी, हा न्यायच आहे. आमचा सवाल एवढाच, की हा न्याय पोलादी पंखांपुरताच का?

पिसांच्या पंखांवर आम्ही काय संकट आणले आहे ते पाहा. आज जी नवी इमारत उठते ती काच लेऊनच उठते. कचेऱ्यांच्या तर भिंतीच काचेच्या. आणि राहत्या घरांच्या गॅलऱ्यांनाही आता गजांऐवजी काचेचे कठडे. पक्ष्याला काच ही वस्तू ठाऊक नाही. काचेत आभाळ दिसले की ते त्याला खरे आभाळ वाटते, झाड दिसले की खरे झाड. तो पुऱ्या वेगाने त्या झाडाकडे जातो आणि आपटतो. कधी जागीच मरतो, कधी भानावर येऊन उडून जातो आणि आतल्या जखमेने दूर कोठे तरी पडतो. जागेवर मेलेला कावळ्या-मांजरांच्या तोंडी जातो, नाही तर सकाळच्या झाडूबरोबर कचऱ्यात. म्हणून आपल्याला वाटते, असे काही घडतच नाही!

आणि हे कोठे चालले आहे? एका अंगाला बोरीवली ते मुलुंड पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. ही खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. या दोहोंच्या मधोमध आमची काच! मे महिना संपत आला, पावसाचे ढग जमू लागले, की नवरंग पक्षी रात्रीचा प्रवास करीत आमच्या बाजूला उतरतो. त्याच सुमारास तिबोटी खंड्या येतो. मुठीत मावेल एवढा तो जीव, पण रंग असे की चित्रकाराने हात टेकावेत. लांबच्या वाटेने थकलेले हे पाहुणे आमच्या खिडक्यांवर आपटतात. हरियाल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पुस्तकात त्याला मान, आणि वडा-पिंपळाची फळे खाऊन उडाला की काचेवर मरण! राज्यपक्ष्याचा हा कसला सत्कार?

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून तीसांहून अधिक रोहित पक्षी मेले. साऱ्या मुंबईने हळहळ केली, आणि ती योग्यच होती. परंतु विमानाला वाट बदलणे कठीण. काच तर आपणच, आपल्या पैशाने, आपल्या आवडीने बसवतो. एका रात्री थव्याने मेले तर बातमी होते; रोज एकेक मेला तर कोणी विचारीत नाही. मरण सुटे सुटे आले म्हणून ते स्वस्त ठरते काय?

यावर ठराविक उत्तर तयार असते: “अहो, माणसांना राहायला जागा नाही, आणि तुम्ही पाखरांचे काय घेऊन बसलात?” आम्ही पाखरांसाठी एक चौरस फूट जागा मागत नाही, चटईक्षेत्राला धक्का लावीत नाही. आमची मागणी ठिपक्यांची आहे. काचेच्या बाहेरच्या अंगाला दर पाच सेंटिमीटरवर सहा मिलिमीटरचा एकेक ठिपका असला, तर पक्ष्याला ती भिंत आहे हे कळते आणि तो वळतो. “पण मग देखावा झाकेल!” गणिताच्या तासाला मुलांकडून करवून घ्या: अडीच हजार चौरस मिलिमीटरमध्ये ठिपक्याची जागा सुमारे अठ्ठावीस. शंभरात जेमतेम एक भाग! मात्र शोभेला ससाण्याचे एकच चित्र चिकटवून भागत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जाऊ पाहतो आणि आपटतोच.

कचेरीतल्या काचेच्या दारावर डोळ्याच्या उंचीला एक पट्टी चिकटवलेली असते, ती कशासाठी? साहेबाचे नाक फुटू नये म्हणून. ज्या माणसाने काच बनवली त्यालाच ती दिसत नाही, मग पाखराला मूर्ख कोणी म्हणावे?

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेत शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीवर ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे हजार पक्षी आपटून मेले. पुढल्या वर्षी काचांवर ठिपक्यांचा पातळ पापुद्रा चढवला, तेव्हा मरणारे पक्षी सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. न्यूयॉर्क शहराने तर कायदाच केला. २०२१ च्या जानेवारीपासून तेथे नव्या इमारतीच्या ७५ फुटांपर्यंतच्या बाह्य भागापैकी किमान ९० टक्के भाग पक्ष्याला ओळखू येईल असाच बांधावा लागतो. आमची विकास नियंत्रण नियमावली २०१८ साली मंजूर झाली. तीत माणसाच्या सोयीची कलमे भरपूर आहेत. पण काच पक्ष्याला दिसलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. ते एक कलम महानगरपालिकेने घालावे. जंगलाच्या आणि खाडीच्या कडेला तरी आधी घालावे. आणि ओस पडलेल्या कचेऱ्यांतले दिवे, निदान पाहुणे येण्या-जाण्याच्या दिवसांत, रात्री मालवावेत. रात्री उडणारे पक्षी या उजेडाने वाट चुकतात.

परंतु कलमाची वाट कशाला पाहावी? आमच्या जुन्या इमारतींना असले कलम कोणी शिकवले होते? त्यांच्या खिडक्यांना गज होते, व्हरांड्यांना लाकडी कठडे, दारावर चिक. चोरासाठी बसवलेले गज नकळत पाखरालाही वाचवीत होते. तेव्हा वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या सभेत नव्या इमारतीचे चित्र टेबलावर येईल आणि सारे सभासद संगमरवराची जात विचारीत असतील, तेव्हा एकाने उभे राहून विचारावे, “कठड्याची काच कशी आहे? तिच्यावर ठिपके आहेत काय? नसतील तर गज लावा.” बिल्डर हसेल, हसू द्या. सही करावयाची आहे ती तुम्हाला, त्याआधीच विचारा. सही झाल्यावर कोण ऐकतो?

आज घरोघरी उंबऱ्यापुढे रांगोळी निघेल. ठिपक्यांचा कागद अंथरून आमच्या मुली मोजून ठिपके देतील, अंतर चुकले तर पुसून पुन्हा देतील. पाव्हण्याला कळावे, की येथे घर आहे, येथे माणसे आहेत, यासाठीच ना ती रांगोळी? मग आभाळातून येणाऱ्या पाव्हण्याच्या वाटेवरही चार ठिपके पडू द्या.